लस, संकोच आणि डॉक्टरांचे बोलणे : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात काही विचार

लस घेण्यास कचरणाऱ्या माणसाशी डॉक्टरने कसे बोलावे, हा प्रश्न वरवर पाहता वैद्यकाचा वाटतो. लस कोणत्या रोगावरची, ती किती परिणामकारक, तिचे दुष्परिणाम कोणते, एवढे सांगितले की डॉक्टरचे काम संपले, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु गेल्या दोन-तीन दशकांत या विषयावर जे संशोधन झाले आहे त्यावरून असे दिसते की, माहिती देणे आणि मन वळवणे या दोन निराळ्या क्रिया असून पहिलीने दुसरी साधतेच असे नाही. क्वचित ती बिघडतेही. म्हणूनच हा प्रश्न जितका वैद्यकाचा तितकाच समाजशास्त्राचा, भाषेचा आणि इतिहासाचाही आहे, आणि आपल्या विभागाने त्यात लक्ष घालण्यास पुरेसे कारण आहे.

भंडारा जिल्हा डोळ्यांपुढे ठेवून हा विचार करावयाचा आहे. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या बारा लाखांच्या घरात होती आणि साक्षरतेचे प्रमाण ८३ टक्क्यांहून अधिक होते. म्हणजे 'अज्ञान' हे एकच उत्तर पुढे करून येथे भागणार नाही. वैनगंगेच्या दोन्ही अंगांस पसरलेला हा धानाचा मुलूख आहे. पावसाळ्यातील रोवणी आणि त्यानंतरची कापणी या दोन हंगामांवर मजूर कुटुंबाचे वर्ष उभे असते. पूर्व विदर्भातील अनेक कुटुंबे कापणीनंतर मिरची तोडण्यासाठी तेलंगणाकडे जातात, आणि तान्ही मुले त्यांच्याबरोबरच जातात. लसीचा दिवस ठरवणारे कोष्टक आणि घराचा दिवस ठरवणारे कोष्टक ही येथे दोन वेगळी कोष्टके आहेत. आईच्या 'नको'मध्ये पुष्कळदा एवढेच दडलेले असते.

प्रथम परिभाषेविषयी थोडे. लस टाळणाऱ्याला आपण सरसकट 'विरोधक' म्हणतो, ते बरोबर नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २०१४ मध्ये जी व्याख्या केली तिचा आशय असा की, लस उपलब्ध असूनही ती घेण्यास विलंब लावणे अथवा ती नाकारणे म्हणजे लसीविषयीचा संकोच. या व्याख्येत 'विलंब' हा शब्द आधी आला आहे, हे महत्त्वाचे. ठाम विरोधक सर्वत्र थोडे असतात. 'आज नको', 'पुढच्या वेळी पाहू', 'घरी विचारून सांगते' असे म्हणणारे पुष्कळ असतात. त्यांना विरोधक समजून त्यांच्याशी वाद घातला तर ते खरोखरीच विरोधक होण्याची शक्यता वाढते. म्हणून या लेखात मी 'संकोच' हाच शब्द वापरणार आहे. तो मनाच्या घडणीला अधिक जुळतो.

त्याच तज्ज्ञगटाने संकोचाची तीन मुळे सांगितली आहेत : विश्वासाचा अभाव, रोगाविषयीची निश्चिंतता आणि गैरसोय. निश्चिंतता ही लसीच्या यशातूनच जन्मते. घटसर्प झालेले मूल ज्या आईने कधी पाहिले नाही तिला घटसर्पाची भीती वाटावी कशी? पोलिओचा भारतातील शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला. त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या बरोबरीत पोलिओने पाय गेलेला सवंगडी नाही. गैरसोयीचा उल्लेख वर आलाच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील १२ ते २३ महिने वयाच्या सुमारे ७३ टक्के मुलांचे मूलभूत लसीकरण पूर्ण झालेले आढळले. उरलेली सगळी मुले संकोची आईबापांची आहेत असे मानणे म्हणजे सत्राच्या दिवशी न पोहोचलेली नर्सबाई, संपलेला साठा आणि बुडालेली मजुरी यांचा हिशेब आईच्या नावावर मांडणे होय. डॉक्टरने बोलण्यापूर्वी एवढे तरी तपासले पाहिजे की समोरच्या बाईचा प्रश्न बोलण्याने सुटणारा आहे की सत्राचा वार बदलल्याने.

राहता राहिला विश्वास. हे मूळ सर्वांत खोल गेलेले असून त्याला इतिहास आहे.

जेनरने १७९६ मध्ये गोस्तन देवीच्या लसीचा प्रयोग केला आणि अवघ्या सहा वर्षांत, १४ जून १८०२ रोजी, मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती लस यशस्वीपणे टोचली गेली. भारतातील हे पहिले लसीकरण. लस बगदाद-बसऱ्यावरून आली आणि मुंबईहून देशभर गेली. मराठी भाषेने या नव्या क्रियेचे स्वागत कसे केले ते पाहण्याजोगे आहे. रोगाचे नाव 'देवी' होते. लस टोचण्याच्या क्रियेलाही लोकांनी 'देवी काढणे' असेच नाव दिले आणि टोचणारा माणूस 'देवी डॉक्टर' झाला. विदर्भातील गावाच्या शिवेवर मातामायचे ठाणे असते. अंगावर उठणारी पुरळ ही तिची करणी, अशी श्रद्धा होती. त्या श्रद्धेचा शब्द उसना घेऊनच लस घरात शिरली. विरोध झाला नाही असे नाही. सरकारला १८८० मध्ये लसीकरणाचा कायदा करावा लागला तो काही उगाच नव्हे. पण शब्द लोकांचा होता, हे विसरता येत नाही. आज आपण आईला 'रोगप्रतिकारक्षमता' आणि 'अँटिबॉडी' हे शब्द ऐकवतो आणि ती मान डोलावते. त्या मान डोलावण्याचा अर्थ शब्द समजला असा क्वचितच असतो.

देवीच्या लसीने आणखी एक गोष्ट मागे ठेवली, आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. ती लस टोचल्यावर त्या जागी फोड उठत असे, पिकत असे, खपली धरत असे. फोड उठला तरच लस 'लागली' असे डॉक्टरही मानीत आणि ते खरेही होते. आज पन्नाशी ओलांडलेल्या पुष्कळ स्त्रियांच्या दंडावर तो वण आहे. या आज्यांच्या अनुभवात लस लागू पडण्याची खूण अंगावर दिसते. आता सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला दिल्या जाणाऱ्या पेंटाव्हॅलंट लसीनंतर पुष्कळ बाळांना ताप येतो, कारण तिच्यातील डांग्या खोकल्याचा घटक संपूर्ण जंतूपासून बनवलेला आहे. घाबरलेल्या आईला धीर देताना आपले आरोग्य कर्मचारी सहज म्हणून जातात, "ताप आला म्हणजे लस लागू पडली." त्या क्षणी हे वाक्य उपयोगी पडते. पण ते शास्त्राला धरून नाही. ताप न आलेल्या बाळालाही तितकेच संरक्षण मिळते. मग शेजारच्या घरातील ज्या बाळाला ताप आला नाही त्याची आजी उद्या विचारणार, "आमच्या पोराले लागलीच नाही काय?" आणि तिच्या प्रश्नात चूक काहीच नाही. तेच बीसीजीचे. त्या लसीनंतर काही आठवड्यांनी गाठ येते, फुटते, वण राहतो; हे आधी सांगितले नाही तर आई सुई पिकली असे समजून पुढची सुई टाळते, आणि वण न राहिलेल्या मुलाची आई लस वाया गेली असे समजते. वास्तविक वण नसला तरी लस पुन्हा देण्याची आवश्यकता नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. सोयीच्या अर्धसत्याने आजचे काम होते आणि उद्याचे अडते.

प्लेगच्या प्रकरणाकडे मात्र जरा थांबून पाहिले पाहिजे, कारण महाराष्ट्राच्या स्मृतीत रोगनिवारण आणि जबरदस्ती यांची गाठ तेथे पडली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. १० जानेवारी १८९७ रोजी वाल्डेमार हाफकिन यांनी आपण तयार केलेली लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना दिली. त्याच वर्षी पुण्यात रँडच्या हाताखाली गोऱ्या सोजिरांनी घरांत शिरून झडत्या घेतल्या, माणसे उचलून नेली. २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. पुण्यातील संताप झडत्यांविरुद्ध आणि विटंबनेविरुद्ध होता, लसीविरुद्ध नव्हता, हा भेद इतिहासाच्या विद्यार्थ्याला ठाऊक असतो. पण लोकांच्या मनात असे भेद टिकत नाहीत. एकच सरकार, एकच रोग, एकच हात. जो हात दार फोडतो तोच सुई घेऊन आला, तर सुईविषयी वेगळे मत होणार कसे?

पुढे ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल येथे एकाच बाटलीतील प्लेगची लस टोचलेल्या १९ माणसांना धनुर्वात होऊन ती सर्व दगावली. हाफकिन यांच्यावर ठपका आला. त्यांचा निर्दोषपणा मान्य होण्यास १९०७ साल उजाडले. ज्या प्रयोगशाळेतून ती लस गेली तिलाच १९२५ पासून आपण हाफकिन संस्था म्हणून ओळखतो. या घटनेचा आजच्या डॉक्टरला उपयोग असा की, लसीमुळे कधीच काही होत नाही असे म्हणण्याचा अधिकार त्याला नाही. लसीनंतर घडलेली घटना आणि लसीमुळे घडलेली घटना यांतला फरक समजावता येतो. त्यासाठी चौकशीची व्यवस्था आज जिल्हा पातळीवर आहे. परंतु तो फरक समजावण्याआधी घटना घडली हे मोकळेपणी मान्य करावे लागते.

आता भंडाऱ्याकडे येऊ. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात अर्भकांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली. त्या कक्षात १७ अर्भके होती. सात वाचली, दहा गेली. त्यानंतर बरोबर एक आठवड्याने, १६ जानेवारीस, देशभर कोविडचे लसीकरण सुरू झाले. त्याच महिन्याच्या अखेरीस, ३१ तारखेला, विदर्भातच यवतमाळ जिल्ह्याच्या घाटंजी तालुक्यात बारा बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात निर्जंतुक करण्याचे द्रव पाजले गेले. सुदैवाने ती मुले बरी झाली. या दोन्ही घटनांचा लसीच्या गुणवत्तेशी काडीचाही संबंध नाही. आगीमुळे लसीकरण घटले असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच की, त्यानंतर भंडारा जिल्ह्यातील एखादी आई तान्हे बाळ सरकारी इमारतीत नेताना उंबऱ्यावर थबकली, तर त्या थबकण्याला गैरसमज हे नाव देणे चुकीचे आहे. तिने विचारले, "तिथं पोरं जळली ना?" तर "त्याचा लसीशी काय संबंध?" हे उत्तर तर्काला धरून असूनही माणसाला धरून नाही. "हो, जळली. दहा लेकरं गेली," हे आधी म्हणावे लागते. त्यानंतर आपल्या उपकेंद्रावर काय होते, सुई कोणती वापरतात, बाटली कोठून येते, टोचल्यावर अर्धा तास का बसवून ठेवतात, हे दाखवावे. दाखवता येते ते सांगण्यात वेळ घालवू नये.

कोविडच्या काळात अफवांनाही ऊत आला होता. लस घेतलेली माणसे दोन वर्षांत मरतील, असे एका नोबेल पारितोषिक विजेत्या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावावर २०२१ च्या मे महिन्यात मोबाईलवरून सर्वत्र पसरले; त्यांनी तसे म्हटले नव्हते. लसीने वांझपण येते ही दुसरी अफवा. शहरातील सुशिक्षितांनी तिला हसण्यापूर्वी १९७६ आठवावे. त्या वर्षी सक्तीच्या नसबंदीचे विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही, इतकेच. ज्या आरोग्य यंत्रणेने नसबंदीची उद्दिष्टे खांद्यावर घेतली तिनेच पुढे लसीची पेटी उचलली. आजोबांना ते आठवते. अफवा खोटी असते. पण ती ज्या जमिनीत रुजते ती जमीन खोटी असतेच असे नाही.

ही सगळी पार्श्वभूमी डॉक्टरच्या टेबलापुढे बसलेली असते आणि बोलण्यास त्याच्यापाशी तीन-चार मिनिटे असतात. मग बोलावे कसे? याविषयी काही अभ्यास उपलब्ध आहेत. त्यांतील दोन आपल्या विचाराला धार आणतात.

पहिला अमेरिकेतील सिअ‍ॅटल परिसरातला. डग्लस ओपेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डॉक्टर आणि पालक यांची लसीविषयीची १११ संभाषणे चित्रित करून तपासली व २०१३ मध्ये निष्कर्ष मांडले. काही डॉक्टर लस गृहीत धरून बोलत : आज बाळाला अमुक लसी द्यायच्या आहेत. काही विचारीत : लसींचे काय ठरवले आहे? विचारून बोलणाऱ्यांपुढे ८३ टक्के पालकांनी आढेवेढे घेतले, गृहीत धरून बोलणाऱ्यांपुढे केवळ २६ टक्क्यांनी. शिवाय पालकाने पहिल्यांदा नकार दिल्यावर सुमारे निम्म्या डॉक्टरांनी आपला सल्ला पुढे चालवला, आणि तसा चालवला तेव्हा ४७ टक्के पालक राजी झाले. हे निरीक्षण होते, प्रयोग नव्हे, हे आपल्या विद्यार्थ्यांना सांगण्याची गरज नसावी. याच गटाच्या २०१५ मधील लेखात असेही आढळले की, गृहीत धरून बोलणाऱ्या डॉक्टरांच्या भेटीविषयी पालकांचा अनुभव तितकासा समाधानाचा नव्हता.

या अभ्यासाचे सार घेऊन तो जसाच्या तसा आपल्याकडे लावणे मला धोक्याचे वाटते. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गृहीत धरण्याची पद्धत आधीच टोकाला गेलेली आहे. "पाय धरा बाळाचा," एवढेच वाक्य कित्येकदा संपूर्ण संभाषण असते. ओपेल यांच्या डॉक्टरने गृहीत धरले तरी पालकाला 'नको' म्हणण्याची मोकळीक होती. आपल्याकडील आई तोंडावर 'नको' म्हणत नाही. ती 'आणते' म्हणते आणि येत नाही. म्हणून ठाम सल्ला देण्याचा धडा आपल्याला नवा नाही. त्यातला दुसरा भाग, म्हणजे नकार ऐकल्यावर संभाषण न सोडणे, तो आपण शिकावयाचा आहे. ठामपणे एकदा सांगावे आणि चेहऱ्यावर शंका दिसताच सांगणे थांबवून विचारणे सुरू करावे, असे मी म्हणेन.

दुसरा अभ्यास ब्रेंडन नायहन आणि सहकाऱ्यांचा, २०१४ मधला. १७५९ अमेरिकन पालकांना गोवर-गालगुंड-रुबेला लसीविषयी निरनिराळ्या प्रकारचे संदेश दाखवले गेले. लसीचा स्वमग्नतेशी संबंध नाही हे पटवणाऱ्या संदेशाने तो गैरसमज कमी झाला खरा; पण जे आधीच सर्वांत साशंक होते त्यांची लस देण्याची इच्छा मात्र आणखी घटली. आजारी मुलांच्या चित्रांनी लसीविषयीची भीती उलट वाढवली. भिंतीवरील भयंकर चित्रांवर आपण जो भरवसा ठेवतो त्याचा यानंतर पुनर्विचार करावयास हवा. माणूस एक शंका सोडतो तेव्हा तिच्या जागी दुसरी शोधतो, कारण मुळात त्याला हवे असते ते उत्तर नव्हे, तर आपली चिंता कोणी तरी ऐकली असा प्रत्यय.

याच जाणिवेतून विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये व्यसनी माणसांशी बोलण्याची एक पद्धत मांडली. पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासह त्यांनी ती विकसित केली आणि कॅनडातील क्वेबेक प्रांतात बाळंतिणींशी लसीविषयी बोलताना ती यशस्वीपणे वापरली गेली. पद्धतीचा गाभा साधा आहे. आधी विचारावे, मग परवानगी घेऊन थोडेच सांगावे, मग जे सांगितले त्याचे काय वाटते ते पुन्हा विचारावे. बदलाचे कारण रुग्णाच्या तोंडून यावे, डॉक्टरच्या नव्हे.

उदाहरणादाखल एक संभाषण रचून पाहू. स्थळ लाखांदूर किंवा पवनी तालुक्यातील एखादे उपकेंद्र, महिना ऑगस्ट, बाळ दहा आठवड्यांचे. आई म्हणते, "आज नको, म्याडम." येथे डॉक्टर म्हणू शकते, "शिकलेल्या दिसता, तरी असे करता? बाळाला काही झाले तर कोण जबाबदार?" आई खाली पाहील, "पुढल्या मंगळवारी आणतो जी," म्हणेल आणि मंगळवारी बांधीत असेल. किंवा डॉक्टर असे विचारू शकते :

"मागच्या सुईनंतर काय झाले होते, ताई?"

"रातभर तापानं फणफणला. मांडी दगडासारखी झाली. सासू म्हणते, चांगल्या लेकराले दुखणं कायले लावता?"

"रात्रभर तुम्ही एकट्याच जाग्या होतात?"

"मंग काय. दुसऱ्या दिवशी रोवणीले जाता नाही आलं. रोजी बुडाली."

"त्या तापाबद्दल मला जे ठाऊक आहे ते सांगू का?"

या चार ओळींत डॉक्टरला जे कळले ते कोणत्याही प्रश्नावलीतून कळले नसते. आईला लसीविषयी शंकाच नाही. तिच्यापाशी तीन अडचणी आहेत : ताप, मजुरी आणि सासूचा बोल. आता माहितीला जागा झाली. ताप बहुधा त्याच संध्याकाळी येतो आणि एक-दोन दिवसांत उतरतो. बाळाच्या वजनाप्रमाणे पॅरासिटामॉलचे किती थेंब द्यायचे ते नर्सबाई लिहून देतील. अंगावर पाजत राहावे. मांडी चोळू नये. ताप दोन दिवसांवर गेला, झटका आला, बाळ मलूल पडले किंवा काही केल्या न थांबता तीन तासांहून अधिक रडले, तर ताबडतोब आणावे. आणि हा ताप आला नाही तरी लस आपले काम करतेच. एवढे सांगून डॉक्टरने पुन्हा विचारावे, "हे ऐकून काय वाटते?" बहुधा उत्तर येईल, "माझं काही नाही जी, सासूले तुम्हीच सांगा."

येथे डॉक्टरच्या ध्यानात यावे की आपण आतापर्यंत ज्या बाईशी बोललो तिच्या हाती निर्णय नाही. निर्णय घरी ओसरीवर बसला आहे. तिच्या दंडावर देवीचा वण आहे, आणि संभाषणाची दुसरी फेरी तेथूनच सुरू करता येते : "आजी, तुमच्या देवी काढल्या तेव्हा ताप आला होता का?"

रोवणी आटोपेपर्यंत थांबू, असे आईने म्हटले तर काय करावे? लांबलेल्या लसीचे कोष्टक पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागत नाही, जेथे थांबले तेथून पुढे चालते, हे तिला सांगितलेच पाहिजे. नाही तर वेळ चुकली म्हणून ती लाजेने येतच नाही. त्याचबरोबर हेही सांगावे लागते की डांग्या खोकला सर्वांत घातक ठरतो तो अगदी लहान बाळांना, म्हणून या दोन-तीन आठवड्यांची किंमत आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. कोणती आधी सांगावी हे समोरच्या चेहऱ्यावरून ठरते. त्याचा नियम करता येणार नाही.

भाषेचाही प्रश्न आहे. झाडीपट्टीत बोलली जाणारी झाडीबोली हा अभ्यासाचा स्वतंत्र विषय असून साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी तिच्यासाठी आयुष्य वेचले आहे. पुण्या-मुंबईहून सक्तीच्या सेवेसाठी आलेल्या तरुण डॉक्टरने ती बोलून दाखवावी अशी अपेक्षा नाही. उसनी बोली लोकांना लगेच ओळखू येते आणि थट्टा वाटते. तिने ती ऐकून समजावी, 'कायले' या शब्दातला प्रश्न आणि त्याच शब्दातली तक्रार यांतला फरक ओळखावा, एवढे पुरे.

या कामात खरा भार आशाताईंवर असतो. त्या गावातल्या असतात, नात्यागोत्याच्या असतात. डॉक्टरच्या तीन मिनिटांपुढे त्यांच्यापाशी अख्खी संध्याकाळ असते. पण मुलाचे लसीकरण पूर्ण झाल्यावर त्यांना मानधन मिळते हे गावाला ठाऊक असते, आणि "तिले पैसे भेटतात, म्हणून मागं लागते," हे वाक्य त्यांच्या पाठीमागे फिरत असते. त्यावर उपाय लपवण्यात नाही. मानधन किती आणि कशाबद्दल हे आशाताईने स्वतःच सांगून टाकले तर त्या वाक्यातला विखार पुष्कळ कमी होईल, असे मला वाटते. लसीकरणाच्या शासकीय प्रशिक्षणात नर्सबाईंना प्रत्येक आईला चार गोष्टी सांगावयास शिकवले जाते : कोणती लस दिली, पुढे केव्हा यायचे, कोणता त्रास होऊ शकतो व त्यावर काय करायचे, आणि कार्ड जपून आणायचे. चार वाक्ये उत्तम आहेत. गर्दीत तिसरे गळते, आणि संकोच नेमका तिसऱ्यातूनच उगवतो.

सक्तीने हे सारे टाळता येईल असे मानणारे प्रशासक आपल्याकडे कमी नाहीत. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यात लस न घेतलेल्यांना रेशन आणि पेट्रोल देऊ नये असा आदेश निघाला होता. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जेकब पुलियेल यांच्या याचिकेवर निर्णय देताना, कोणालाही लस घेण्यास भाग पाडता येणार नाही, शरीरावरील स्वायत्तता हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदाने दिलेल्या हक्काचा भाग आहे, असे म्हटले. त्याच वेळी केंद्राच्या लसीकरण धोरणाला मनमानी म्हणण्यास नकार दिला, आणि समाजाच्या हितासाठी प्रमाणशीर निर्बंध घालण्याचा शासनाचा अधिकारही मान्य केला. अशा आदेशाने रांगा वाढतात हे खरे. पण रेशनसाठी घेतलेली सुई आणि पटून घेतलेली सुई यांचा फरक पुढच्या बाळाच्या वेळी दिसतो, आणि तेव्हा आदेश काढणारा अधिकारी बदलून गेलेला असतो.

शेवटी आपल्या विभागाने करण्याजोग्या एका कामाविषयी. उपकेंद्रावरील नोंदवहीत लस न घेतलेल्या मुलापुढे बहुधा 'नकार' किंवा 'बाहेरगावी' एवढाच शेरा असतो. आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी सातही तालुक्यांतील एकेक उपकेंद्र निवडून, तेथील नर्सबाई आणि आशाताई यांच्या संमतीने, एक वर्षभर या शेऱ्याच्या जागी आईने म्हटलेले वाक्य तिच्याच बोलीत, नावगावाविना, उतरवून घ्यावे. रोवणीच्या दिवसांतील वाक्ये आणि कापणीनंतरची वाक्ये निराळी ठेवावीत. त्या वाक्यांपैकी किती रोगाविषयी, किती लसीविषयी, किती दवाखान्याविषयी आणि किती सासूविषयी निघतात, हे पाहिल्यावाचून डॉक्टरांसाठी संभाषणाचा पाठ्यक्रम लिहावयास बसणे मला घाईचे वाटते.